पंधरवडा जाऊ दे

"परवा रात्री जुनी पॉलिसी संपतेय, मॅडम. त्याच्या आत नवीन सुरू झाली पाहिजे," सौमित्र म्हणाला. "मध्ये एक दिवस जरी मोकळा गेला, तरी नवी कंपनी तुम्हाला अगदी नवीनच धरणार."

सुनेत्रा ऐकत होती, पण तिचा एक कान खाली होता. तिचं टेबल पोटमाळ्यावर होतं आणि बरोबर त्याच्या खाली पंचिंगचं मशीन. मशीनचा जबडा उघडायचा, भिवा आत पुठ्ठा सरकवायचा, जबडा मिटायचा, आणि मिठाईच्या खोक्याचा आकार कापून, घड्यांच्या रेघा उमटून पुठ्ठा बाहेर यायचा. इतक्या वर्षांत हा आवाज तिच्या असा अंगवळणी पडला होता की तो चालू असताना तिला ऐकू येत नसे. चुकला की ऐकू येई. मघापासून तो चुकत होता. मध्येच एखादा फेरा रिकामा जायचा, जबडा नुसताच मिटायचा. म्हणजे तेवढ्यात भिवाने डाव्या हाताने जांघ दाबून धरलेली असणार.

"नवीन धरणार म्हणजे काय?" तिने विचारलं.

"म्हणजे हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, असल्या दुखण्यांना पहिली दोन वर्षं काही मिळत नाही. तुमच्या माणसांची जुन्या कंपनीत तीन वर्षं झालीत. खंड पडला नाही तर ती धरतो म्हणालेत. मी बोलून ठेवलंय. तुम्ही फक्त चेक द्या."

"आणि जुनीच चालू ठेवली तर?"

"ठेवा ना. हप्ता जवळजवळ दुप्पट मागतायत." सौमित्र हसला. तो विम्याची कामं करणारा तरुण मुलगा होता, दादरहून स्कूटरने यायचा, आणि वाईट बातमी सांगताना त्याला हसायची सवय होती. "गेल्या वर्षी सुभद्राबाईंचं ऑपरेशन झालं ना. मोठ्या ऑफिसात हजारात एक माणूस आजारी पडला तर कळतसुद्धा नाही. तुमच्याकडे सातांत एक."

सात म्हणजे सहा कामगार आणि सातवी सुनेत्रा. सातांपेक्षा कमी डोकी असली तर सामूहिक विमा द्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तिने स्वतःचंही नाव घातलं होतं. दहा माणसं असती तर सरकारी ईएसआय विमा लागू झाला असता, पण राऊळ बॉक्स वर्क्समध्ये दहा माणसं कधीच नव्हती. डिलाईल रोडच्या आतल्या अंगाला, जुन्या औद्योगिक वसाहतीतला तळमजल्याचा एक गाळा, एवढाच त्यांचा कारखाना. गिरणी बंद पडल्यावर अप्पांनी, म्हणजे सुनेत्राच्या वडिलांनी, तो घेतला होता. सुनेत्रा बी.कॉम. होऊन फोर्टात नोकरीला होती. आई गेली त्या वर्षी चार दिवस मदत म्हणून इथे येऊन बसली, ती बसलीच. लग्न झालं नाही. त्याबद्दल तिची फारशी तक्रार नसावी. निदान ती कुणाजवळ बोलून दाखवत नसे.

"चेकवर सही अप्पांची लागते," ती म्हणाली. "चार वाजता येतील. विचारते."

सौमित्रने हेल्मेट उचललं आणि जिन्याशी घोटाळला. "मॅडम, पितृपक्ष चालू आहे. त्यांचं काही..."

"तेच," सुनेत्रा म्हणाली.

तो गेल्यावर ती खाली उतरली. भिवा गमरेने मशीन थांबवलं होतं आणि तो पुठ्ठ्यांच्या थप्पीवर टेकला होता. पन्नाशी ओलांडलेला, काटक, पिकलेल्या मिशांचा माणूस. अठरा वर्षांचा असताना तो इथे पुठ्ठ्याचे गठ्ठे उचलायला लागला होता, आणि ते गठ्ठे उचलता उचलताच आता हर्नियाचं दुखणं जांघेत उतरलं होतं.

"पट्टा बांधलात का?" तिने विचारलं.

"बांधलाय ओ ताई. पण तो पट्टा पण माझ्याच वयाचा वाटतो. सैल पडतो सारखा."

पलीकडे खोकी चिकटवत बसलेल्या सुभद्राबाई म्हणाल्या, "डॉक्टरने काय सांगितलंय ते सांगा की ताईंना. लटकत ठेवू नका म्हणाला."

"मी कुठं लटकत ठेवतोय? तेच लटकतंय," भिवा म्हणाला. बायका खाली मान घालून हसल्या. "दिवाळीचा माल निघू दे. मग झोपतो खाटेवर, काय कापायचं ते कापा. आता मी झोपलो तर हे धूड चालवणार कोण? सुभद्रा?"

ते खरं होतं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत वर्षाचा निम्मा माल निघायचा, आणि त्या मशीनवर हात बसलेला दुसरा माणूस गाळ्यात नव्हता. सुनेत्राने मग काही विचारलं नाही. ऑपरेशन दिवाळीनंतर, असं त्या दोघांमध्ये ठरलेलंच होतं.

गाळ्याचा एक रिवाज होता. पक्षाच्या पंधरवड्यात नवी डाय मशीनला चढत नसे. डाय म्हणजे खोक्याच्या आकाराचा पात्यांचा साचा. जुन्या साच्यांवर हवी तेवढी खोकी काढायची, पण नवीन आकार, नवीन नक्षी, नवीन गिऱ्हाईक, सगळं घटस्थापनेनंतर. मिठाईवाल्यांनाही हे ठाऊक होतं. काही जण चिडायचे, पण थांबायचे.

अप्पा चारला आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे अप्पा लालबागहून रोज चालत यायचे, काठी टेकत, मध्ये दोन ठिकाणी बसत. आल्यावर त्यांची ठरलेली खुर्ची, ठरलेला अर्धा चहा. सुनेत्राने चहा पुढे केला आणि चेकबुकही.

"विम्याचं आहे, अप्पा. नवी कंपनी. उद्या द्यायला हवा."

अप्पांनी चहा घेतला. चेकबुक घेतलं नाही.

"नवीन?"

"नवीन म्हणजे जुनंच आहे, फक्त कंपनी वेगळी."

"मग नवीनच." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पंधरवडा जाऊ दे. घट बसले की मग कर."

"अप्पा, परवा जुनं संपतंय. मध्ये खंड पडला तर भिवाभाऊंचं ऑपरेशन अडकेल. तो मुलगा स्पष्ट सांगून गेलाय."

"ऑपरेशन दिवाळीनंतर ना? आणि घट बसतील त्याच्या कितीतरी आधी. मग कसला खंड?"

तिने पुन्हा समजावलं. पण ती समजावत होती विम्याचा नियम, आणि अप्पा ऐकत होते दुसरंच काहीतरी. ते मशीनकडे पाहत होते.

"हे मशीन मी पक्षात आणलंय, ठाऊक आहे ना तुला? विकणाऱ्याला घाई होती. स्वस्तात देत होता. तुझ्या आवशीन सांगितल्यान होता, पक्षात नवा काय दारात आणू नका. मी हसलो तिला." ते थांबले. "दिवाळीचो कंदील लावूक ती नव्हती."

सुनेत्राला हे ठाऊक होतं. मशीनचा आणि आईच्या जाण्याचा काही संबंध नव्हता, हेही ठाऊक होतं. पण ते अप्पांना सांगायचं म्हणजे इतकी वर्षं ज्या खुंटीला त्यांनी आपलं दुःख टांगून ठेवलं, ती खुंटीच उपटायची. तिच्याने ते कधी झालं नव्हतं.

"आजारपणाचा काम आहे, बाय," अप्पा हळू म्हणाले. "भिवाच्या अंगाला सुरी लागायची आहे. त्यात अवलक्षण नको. चांगल्या दिवशी कर."

ते भिवाच्याच भल्यासाठी बोलत होते. वाद घालायला काही आधार राहिला नाही तो त्यामुळेच. तिने चेकबुक मिटलं. सौमित्रला फोन करून घटस्थापनेचा दिवस सांगितला. तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम, मी प्रयत्न करतो. बहुतेक होऊन जाईल." या 'बहुतेक'वर तिने विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला, असंही म्हणता येईल.

त्या वर्षीही अविधवा नवमीला आईच्या श्राद्धाचं जेवण गाळ्यात आलं. ही अप्पांचीच पद्धत. घरी पान वाढून झालं की डबे भरून इथे आणायचे: वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर. पुठ्ठे बाजूला सारून सगळे जमिनीवर बसले. भिवाला खाली बसवेना, म्हणून त्याचं ताट मशीनशेजारच्या थप्पीवर ठेवलं.

"भिवा, तू कशाला जेवतोस?" अप्पांनी दरवर्षीचा प्रश्न विचारला. "तू तर मानत नाहीस."

"पितर मानत नाय, अप्पा. वडे मानतो," भिवाने दरवर्षीचं उत्तर दिलं. "आणि आमचा बा गेला तो एकदम सुटूनच गेला. वर्षातून एकदा जेवायला येण्याची त्याला सवलत नाय."

"तुझ्यासारखाच असणार. फुकट बोलणारा."

"फुकट नाय. वड्यांवर."

अप्पांनी स्वतःच्या ताटातला एक वडा उचलून त्याच्या ताटात टाकला. गाळ्यात हसू पसरलं. सुभद्राबाई मात्र उसळ वाढता वाढता सुनेत्राच्या कानाशी आल्या. "ताई, माझ्या आपरेशनमुळं हप्ता वाढला म्हणतात. खरं काय?"

"नाही हो," सुनेत्रा म्हणाली. "त्यांचे हिशेब वेगळे असतात."

घट बसले त्या दिवशी अप्पांनी नव्या शाईच्या पेनने सही केली. चेकला हळदीकुंकवाचं बोट लावलं. सौमित्रने तो डाग न पुसता तसाच पिशवीत घातला.

दिवाळीचा माल निघाला. भाऊबीज झाली. परळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये भिवाला सकाळी दाखल केलं. कमळाबाई, त्याची बायको, धुतलेली चादर आणि थर्मास घेऊन आली होती. सुनेत्रा कागद घेऊन काउंटरवर उभी राहिली. भिवाला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. मागून नाड्या बांधायचा हिरवा झगा घालून तो खाटेवर बसला होता आणि पाय हलवत होता.

"ताई, हे कपडे बघा. पाठ उघडी. थंडी वाजून मरायचा माणूस, ऑपरेशन राहिलं बाजूला."

"गप बसा," कमळाबाई म्हणाली.

दुपारचे बारा वाजले. काउंटरवरच्या मुलीने सुनेत्राला बोलावलं. कंपनीकडून नकार आला होता. पॉलिसी नवीन आहे, या आजाराला दोन वर्षं पूर्ण झालेली नाहीत. मुलगी वाईट नव्हती. तिने स्क्रीन वळवून दाखवला. "जुन्या पॉलिसीची वर्षं धरली असती, पण मध्ये तारखा तुटल्यात ना," ती म्हणाली. "आता रोख भरून करणार का? डॉक्टर दोनला येतायत."

सुनेत्राने बाहेर जाऊन सौमित्रला फोन लावला.

"मॅडम, मी तेव्हाच बोललो होतो," तो म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "मी वर मेल पण केले. ते म्हणतात, खंड म्हणजे खंड. एक दिवस काय नि पंधरा काय. सॉरी, मॅडम."

ती आत आली तेव्हा भिवाला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं. त्याने कमळाबाईला चहा आणायला पाठवलं, स्वतःसाठी नाही, ताईंसाठी. मग विचारलं, "नाय म्हणाले?"

तिने सगळं सांगितलं. मुदत कधी संपली, चेक कधी गेला, मधले दिवस कसे रिकामे राहिले. सांगताना ती त्याच्याकडे न बघता खाटेच्या लोखंडी पायाकडे बघत होती.

भिवा नाकातल्या नाकात हसला. "म्हणजे वडे मी खाल्ले, आणि तुमच्या पितरांनी मलाच धरलं."

"मी भरते पैसे, भिवाभाऊ. आत्ता भरते. डॉक्टर दोनला येतायत."

"नको."

"का नको? माझी चूक आहे. मी अडून बसायला हवं होतं."

"ताई, गाळ्यात सहा जण आहेत. आज मला दिलेत, उद्या सुभद्राच्या गुडघ्याला देणार का? द्याल तुम्ही, ते मला माहीत आहे, आणि मग गाळा विकाल." त्याने झग्याची नाडी सोडायला हात मागे नेला, पण गाठ त्याला सापडेना. "आणि खरं सांगू? तो विमा होता ना, तेव्हा बरं वाटायचं. मी कुणाचा मिंधा नाय, असं वाटायचं. कामावर होतो म्हणून मिळतंय, माझ्या हक्काचं आहे. सुभद्रा कशी गेली दवाखान्यात, मान वर करून. तसं जायचं होतं."

सुनेत्राने हातातले कागद दुमडले.

"महापालिकेच्या दवाखान्यात करू की. आमचा पोरगा, संघर्ष, चौकशी करून आलाय. फुकट्यात होतं, डॉक्टर पण चांगले आहेत. रांग आहे एवढंच." गाठ सापडली. "एक करा. अप्पांना सांगू नका."

"का?"

"म्हातारा माणूस. एक आईंचं ओझं घेऊन फिरतोय ते मशीन बघत. त्यावर आणि माझं कशाला? डॉक्टरनेच पुढं ढकललं म्हणून सांगा. बीपी वाढलं होतं म्हणा."

तो पडद्याआड गेला आणि शर्ट-पँट घालून बाहेर आला. झगा त्याने खाटेवर ठेवला होता, बाह्या आत, कडेला कड लावून, चौकोनी घडी करून. खोक्याच्या पुठ्ठ्याची घालतात तशी.

पालिकेच्या रुग्णालयाने फेब्रुवारीच्या शेवटाची तारीख दिली. संघर्ष, भिवाचा मुलगा, सरकारी योजनेचंही विचारून आला. तिथूनही शेवटी त्याच रांगेत उभं राहावं लागणार होतं. दोष कुणाचा म्हणावा? व्हरांड्यात जमिनीवर माणसं झोपलेली होती आणि त्यांतली बरीचशी भिवापेक्षा जास्त आजारी होती.

मशीनवर भाड्याने एक माणूस आणला. त्याचा ठेका वेगळा होता, घाईचा. पोटमाळ्यावर सुनेत्राला आता तो आवाज दिवसभर ऐकू यायचा. भिवा बायकांच्या रांगेत खोकी चिकटवायला बसू लागला. त्याला ते काम जमत नसे. त्याच्या बोटांना खळ लागायची आणि खोकं तिरकं बसायचं. "बघा, सुभद्राबाईंच्या हाताखाली नोकरी लागली मला," असं तो दोन-तीन दिवस म्हणाला. मग म्हणेनासा झाला.

अप्पा यायचे. विचारायचे, "बीपी उतरलं का रे?"

"उतरतंय, अप्पा. जिना चढल्यासारखं उतरतंय."

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. पहाटे वरळीच्या आपल्या खोलीत पाण्याचा पिंप सरकवायला भिवा वाकला आणि तसाच खाली बसला. आतडं बाहेर येऊन अडकलं होतं. वरळीहून रुग्णालयात नेईपर्यंत तो शुद्धीवर होता. तिथे वेळ न घालवता त्याला आत घेतलं, आतड्याचा काळा पडलेला भाग कापून काढला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. पण विष पोटात पसरलं होतं. दोन दिवस तो होता, आणि मग नव्हता.

अप्पा म्हणाले, मी येणार. सुनेत्राने टॅक्सी केली. बीडीडी चाळीच्या पटांगणात, खाली, बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. त्रिशरण म्हटलं गेलं. अप्पांना कुणी तरी प्लास्टिकची खुर्ची दिली. ते काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. त्यांच्या मागे चाळीतली माणसं हलक्या आवाजात बोलत होती, जशी अशा वेळी बोलतात.

"विमा होता ना रे त्याला कामावर?"

"होता," कमळाबाईची बहीण म्हणाली. "पण लागला नाय. मधले पंधरा दिवस सुटले म्हणतात. यांच्या पितृपक्षात."

सुनेत्राने अप्पांकडे पाहिलं. ते समोरच्या मेणबत्त्यांकडे बघत होते. त्यांना अलीकडे कमी ऐकू यायचं. डाव्या कानाने तर जवळजवळ नाहीच. बोलणारी माणसं त्यांच्या कोणत्या बाजूला होती, हे ती नंतर खूपदा आठवून पाहायची, पण तिला ते नक्की सांगता आलं नसतं. घरी आल्यावर अप्पांनी रिवाजाची कपड्यांसकट आंघोळ केली नाही, साधे हातपाय धुतले आणि झोपले. दुसऱ्या दिवसापासून ते चारला यायचे, चहा घ्यायचे, पण आता खुर्ची मशीनकडे पाठ करून ठेवायला सांगायचे.

वर्ष तसंच गेलं. गणपती झाले. पुन्हा पक्ष लागला.

अविधवा नवमीला डबे गाळ्यात आले. सुनेत्राने आईचं पान घरी वाढलं होतं. इथे सगळ्यांची ताटं मांडताना तिच्या हाताने एक ताट जास्त मांडलं गेलं. ते लक्षात आल्यावर तिला वाटलं, असू दे, वाढू या भिवाभाऊंच्या नावाने. तिने त्यावर दोन वडे ठेवले आणि ताट खिडकीच्या कट्ट्याकडे, कावळ्यांसाठी पान ठेवतात तिथे, नेऊ लागली.

"तिथे नको," अप्पा म्हणाले.

ती थांबली.

"पितरांत नको बसवू त्याला. तो मानत नव्हता." त्यांनी काठीने मशीनशेजारची थप्पी दाखवली. "नेहमीच्या जागी ठेव."

तिने ताट पुठ्ठ्यांच्या थप्पीवर ठेवलं. नव्या माणसाने आपले पुठ्ठे जरा मागे सरकवले. सगळे जेवायला बसले. नेहमीचा प्रश्न कुणी विचारला नाही. सुभद्राबाईंनी मध्येच पदराने नाक पुसलं. उसळ तिखट झाली होती, म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर अप्पांनी हात धुतले, रुमालाने बोटं एकेक करून कोरडी केली. "सुनेत्रा, तो विम्याचा चेक आण."

"कुठला?"

"यंदाचा. त्या मुलाचा फोन येत होता ना? घरी ऐकला मी."

ती उभीच राहिली. "त्याला अजून मुदत आहे, अप्पा. घटस्थापना झाल्यावर आठवडाभर आहे. पंधरवडा जाऊ दे."

"नको गो बाय," अप्पा म्हणाले. "जाऊ नको देऊ."

ती वर जाऊन चेकबुक घेऊन आली. अप्पांनी ते मांडीवर घेतलं. सही करताना राऊळमधला 'ऊ' ओळीच्या खाली उतरला. बँक घेईल की नाही अशी सही. त्यांनी ती बघितली, दुसरा चेक मागितला, आणि पुन्हा, सावकाश केली.

"सगळ्यांची नावं आहेत यात? नव्या माणसाचं?"

"आहे."

"सात भरतात?"

"भरतात."

त्यांनी मान हलवली. तिला विचारायचं होतं, तुम्हाला केव्हा कळलं? कुणी सांगितलं? पण भिवाने सांगू नका म्हटलं होतं, आणि विचारणं म्हणजे सांगणंच झालं असतं.

मशीन सुरू झालं. अप्पा उठून थप्पीपाशी गेले. कापून आलेल्या ताज्या पुठ्ठ्यांतला एक त्यांनी उचलला, मशीनकडे तोंड करून उभे राहिले आणि खोकं दुमडू लागले. रेघेवर रेघ, कानात कान. इथे एकही घडी रेघेबाहेर गेली नाही. खोकं उभं राहिलं. त्यांनी भिवाच्या ताटातले वडे त्यात ठेवले, मग जरा विचार करून स्वतःसाठी बाजूला ठेवलेला एक वडा आणून वर ठेवला. झाकण पूर्ण मिटेना. त्यांनी ते तसंच दाबून धरलं आणि सुनेत्राकडे दिलं.

"वरळीला जाऊन कमळाबाईला दे," ते म्हणाले. "श्राद्धाचे म्हणू नको. नुसते वडे आहेत म्हण."